नाव नोंदवतात, येत मात्र नाहीत

बेळगावच्या टिळकवाडीतून एका ताईंचं पत्र आलंय. पूर्वी त्या शाळेत शिकवायच्या. नोकरी सोडल्यावर त्यांनी माइंडफुलनेसचं, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे सजगपणे लक्ष द्यायच्या ध्यानाचं, रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि आता एका भाड्याच्या छोट्या हॉलमध्ये दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहा ते साडेसात वर्ग घेतात. जागा बारा जणांची. आदल्या दिवशी व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाव द्यायचं, आल्यावर १५० रुपये द्यायचे, अशी पद्धत. नावं बाराही येतात, माणसं मात्र सातच. उरलेल्यांपैकी कुणी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी ‘सॉरी ताई, आज नाही जमत’ असं लिहून हात जोडलेलं चित्र टाकतं, कुणी तेवढंही करत नाही. वडगाव-शहापूरकडच्या दोघी-तिघी जागेसाठी थांबलेल्या असतात, पण सव्वासहाला फोन केल्यावर त्या येणार कशा? ताईंनी ग्रुपवर एक-दोनदा रागाने लिहूनही पाहिलं, फरक पडला नाही. त्यात सगळ्यात जास्त दांड्या त्यांच्या सख्ख्या नणंदेच्या. यजमानांचं म्हणणं, न कळवता गैरहजर राहणाऱ्याला शंभर रुपये दंड लाव. ताई विचारतात : ‘दंड लावू का? की वर्गच बंद करू? आपल्याकडच्या लोकांना मनाच्या आरोग्याची किंमतच नाही. पुण्यात असं होत नसेल.’

ताई, नमस्कार.

पुण्याचं आधी मिटवून टाकू. जागा धरून न येणं हा काही बेळगावचा खास गुण नाही. दवाखाने, हॉटेलं, जिम, सगळे याच दुखण्याने बेजार आहेत, पुण्यातले आणि लंडनमधलेसुद्धा. तेव्हा ‘आपली माणसंच अशी’ हे वाक्य बाजूला ठेवू या. ते एकदा मनात बसलं की मग उपाय सुचत नाहीत, नुसती चीड येते.

‘किंमत नाही’ हेही मला तितकंसं पटत नाही. इगतपुरीच्या धम्मगिरीत १९७६ पासून दहा-दहा दिवसांची विपश्यना शिबिरं होतात. शिकवण्याचे, राहण्याचे, जेवणाचे पैसे घेत नाहीत, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण तिथे अर्ज करावा लागतो, तो मंजूर व्हावा लागतो आणि शेवटपर्यंत थांबेन हे आधी कबूल करावं लागतं. म्हणजे दाम शून्य, पण आत शिरायची वाट सरळ नाही. तुमच्याकडे उलटं आहे. दाम आहे, पण नाव द्यायला अंगठ्याचा एक ठोका पुरतो. रात्री नऊला टीव्हीसमोर बसून ‘माझंपण नाव घाला’ लिहिण्यात काय जातं? त्या क्षणी ती बाई खरंच येणार असते. सकाळी पावणेसहाला गजर वाजतो तेव्हा निर्णय पुन्हा नव्याने घ्यावा लागतो, आणि तो घेणारी बाई अर्धवट झोपेत असते.

आता दंडाचं. इस्राएलमधल्या हैफा शहरात उरी नीझी आणि आल्डो रुस्टिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी दहा पाळणाघरांत एक प्रयोग केला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला आईबाप उशिरा यायचे आणि बाईंना ताटकळत बसावं लागायचं. म्हणून त्यांतल्या सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला दहा शेकेल दंड बसवला. उशीर कमी व्हायचा तर तो वाढून जवळजवळ दुप्पट झाला. पूर्वी आईबापांना बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, आता ते पैसे मोजून वेळ विकत घेत होते. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पहिल्यासारखा खाली आला नाही. गेलेली लाज परत येत नाही, हे बघून मलाही जरा धक्काच बसला होता.

तुमच्याकडे काय होईल ते डोळ्यांसमोर आणा. वन्सं सकाळी सहाला पांघरुणातूनच शंभर रुपये फोनवरून पाठवतील आणि कूस बदलून झोपतील. तुम्हाला रागवायचा हक्कही उरणार नाही, कारण त्यांनी दंड भरलाय! आणि जी बाई खरोखर मुलाला ताप आला म्हणून राहिली, ती शंभर रुपये मागितल्याचं वर्षभर लक्षात ठेवील. गाव एवढंसं आपलं. खडेबाजारात, लग्नात, हळदीकुंकवाला याच चेहऱ्यांशी गाठ पडणार आहे. म्हणून माझं उत्तर : दंड नको.

मग उशिरा कळवण्याचं काय? इथे मला तुमच्या पत्रातलं एक गृहीतक जरा उकलून बघावंसं वाटतं. तुम्ही धरून चाललात की त्यांना सकाळी सहालाच कळतं की जमणार नाही. मला वाटतं, निम्म्याजणींना ते आदल्या रात्रीच ठाऊक असतं. पाहुणे उतरलेत, दीर सकाळच्या गाडीने निघणार आहेत, उद्या नळाला पाणी यायचा दिवस आहे. पण ‘उद्या पाणी येणार, म्हणून मी येत नाही’ असं ध्यानाच्या ताईंना लिहिणं कमीपणाचं वाटतं. आपल्यात स्पष्ट ‘नाही’ म्हणायची सवय नाही, नाही म्हणायला कारण लागतं आणि ते कारण भारदस्त लागतं. सगळ्यात खपणारं कारण म्हणजे तब्येत. आता डोकं उद्या सकाळी दुखणार आहे हे आज रात्री कसं कळवणार? म्हणून निरोप सकाळी सहा दहाला येतो. आळस असेलही थोडा, पण संकोच जास्त आहे. आणि तुमच्या रागाने तो आणखी वाढतो, कारण चिडलेल्या माणसाला तर आणखीच दमदार कारण द्यावं लागतं.

म्हणून पहिला बदल हा करा : कारण विचारायचंच नाही. आदल्या संध्याकाळी सात वाजता प्रत्येकीला वेगळा निरोप पाठवा, ग्रुपवर नाही. मजकूर साधारण असा : ‘उद्या सकाळी साडेसहाला तुमची जागा ठेवली आहे. जमणार नसेल तर रात्री साडेआठच्या आत फक्त “नाही” एवढंच लिहा. कारण सांगू नका. तुमच्या जागी थांबलेल्या एकीला बोलावता येईल.’ कन्नड बोलणाऱ्या असतील त्यांना कन्नडमध्ये पाठवा, ते आपल्याकडे वेगळं सांगायला नको. ‘नाही’ आलं की उलट ‘बरं, शुक्रवारी भेटू’ एवढंच लिहायचं. ‘अरेरे, का हो?’ हे शब्द बोटांवर येतील, ते पुसून टाका. तुम्ही एकदा जरी ‘का हो’ विचारलंत तरी पुढच्या वेळी पुन्हा सकाळी डोकं दुखेल.

साडेआठला नकार कळला की वडगावच्या ताईंना पावणेनऊला सांगता येतं. त्या रिक्षा ठरवतील, डब्याची तयारी रात्रीच करून ठेवतील. थांबलेल्यांची यादी सकाळी सव्वासहाला कुचकामी आणि रात्री पावणेनऊला सोन्यासारखी, एवढाच फरक आहे.

दुसरं, एक वही घाला. पुढचे सहा आठवडे कोण आलं नाही, कुठल्या वारी, किती वाजता कळवलं आणि ती राहते कुठे, एवढंच लिहा. शाळेत हजेरी घेतलेली आहे तुम्ही, हे काम तुमच्या हातचं आहे. माझा अंदाज असा की पाचही जागा दर वेळी वेगळ्या बायका रिकाम्या ठेवत नसतील. तीच तीन-चार नावं फिरून फिरून येतील, आणि त्या तिघी-चौघींसाठी तुम्ही सगळ्या बाराजणींवर रागावताय.

वारांकडेही जरा बघा. मंगळवार आणि शुक्रवार! ताई, हे दोन्ही देवीचे वार. तुमच्या वर्गात पस्तिशी ते साठीच्या बायका जास्त असतील तर त्यांतल्या कितीजणींच्या घरी त्या सकाळी देवपूजेची, नैवेद्याची गडबड असते? श्रावणात तर विचारायलाच नको. हे त्या तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, कारण ध्यानापेक्षा पुरणाला महत्त्व दिलं असं दिसेल. सोमवार-गुरुवार करून बघा. गुरुवारी उपवासवाल्या असतात, पण उपवासाला सकाळचा स्वयंपाक उलट कमी असतो. पाण्याचंही तेच. शहराच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी असतं. बाकीच्यांचं सगळं नळ सुटण्यावर चालतं, आणि ज्या घरात चार दिवसांचं पाणी एका पहाटे भरायचंय त्या घरातली बाई तुमच्या चटईवर बसून श्वास मोजणार नाही. मोजला तरी लक्ष टाकीकडेच! वहीत राहण्याचा भाग लिहायला सांगितला तो यासाठी. एकाच भागातल्या चौघी एकाच दिवशी गळत असतील तर दोष मनोवृत्तीचा नाही, व्हॉल्व्हचा आहे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. याच बायका भिशीला कधी चुकतात का हो? पाऊस असो, पाहुणे असोत, भिशीच्या दिवशी हजर. स्वतः येता आलं नाही तर मुलाच्या हाती पाकीट पाठवतात. तिथेही दंडबिंड नसतो बहुतेक. पण तिथे कुणाच्या मागे कुणाचा नंबर हे सगळ्यांना माहीत असतं. आपण गेलो नाही तर अमकीचा हप्ता अडतो, हे चेहऱ्यासकट डोळ्यांसमोर असतं. तुमच्या वर्गात मात्र प्रत्येक बाईचं नातं फक्त तुमच्याशी आहे. तिच्या न येण्याने अडतं ते तुमचं, असं तिला वाटतं, आणि तुम्ही तर ‘ताई’, समजून घेणार. वडगावची कुणी तिच्या जागेसाठी थांबली होती हे तिला कळतच नाही.

म्हणून रोज नाव द्यायची पद्धत मोडा आणि आठ आठवड्यांची एक तुकडी करा. तुम्ही प्रशिक्षण घेतलंय तेव्हा हे तुम्हाला ठाऊकच असेल : जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात माइंडफुलनेसवर आधारलेला जो ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला, तो आठ आठवड्यांचा आहे. आठवड्यातून एकदा अडीच तासांच्या आसपास बैठक, शेवटाकडे एक पूर्ण दिवस, आणि रोज घरी सराव. तीच माणसं आठही आठवडे एकत्र. तुम्ही मूळ पद्धतीतला मजकूर घेतलात, पण सांगाडा सोडला. एखादा दिवस येऊन बसायची सोय केली की आजचा दिवस चुकला तरी काही बिघडत नाही, असं आपणच सांगितल्यासारखं होतं. तुकडीत तिसऱ्या आठवड्यात काय झालं ते चौथ्या आठवड्यात लागतं. शिवाय पहिल्याच दिवशी जोड्या लावून द्या, शक्यतो जवळ राहणाऱ्या. अनगोळच्या दोघी एका स्कूटरवर येतात तेव्हा एकीला गजर बंद करून झोपता येत नाही, दुसरी दाराशी हॉर्न वाजवत असते.

पैसे तुकडीचे, आधीच. तुम्ही लिहिलंय की ओळखीच्यांकडे आगाऊ पैसे मागायला जीभ रेटत नाही. पण पाच जागा रिकाम्या राहिल्या की त्या सकाळचे ७५० रुपये जातात, हॉलमालक काही भाडं कमी करत नाही, आणि ती चिडचिड घेऊन तुम्ही डोळे मिटून इतरांना शांत बसायला सांगता. त्यापेक्षा एकदाच मागणं सोपं. आठ आठवड्यांत सोळा बैठका, तासाचे १५० धरले तर २४०० होतात. एकरकमी २००० ठेवा, अडचण असेल तिला दोन हप्ते द्या. त्यातच दोन बैठका माफ : रात्री साडेआठच्या आत कळवलं तर त्या पुढच्या तुकडीत भरून काढता येतील. उशिरा कळवलं तर बैठक झाली असं धरायचं. शिक्षा नाही, बोलणं नाही, वहीत एक टिंब. मूल आजारी पडलं, घरात कुणी गेलं, अशा वेळी नियम बाजूला ठेवा आणि तो ठेवलाय हे कुणाला सांगूही नका. खरोखर पैसे नसणारी एखादी असेल तर तिची जागा पैशांशिवाय धरा, पण तिलाही नियम तोच.

‘सोय म्हणून ऑनलाइन लिंकही देऊ का’ असं तुम्ही ताज्या कलमात विचारलंय. नका देऊ. पाऊस सुरू झाला की सगळा हॉल लिंकवर जाईल, आणि जून ते सप्टेंबर बेळगावात पाऊस कधी नसतो?

ग्रुपवर तुम्ही जे लिहिलंत, ‘आज परत पाच जण आले नाहीत, खूप वाईट वाटलं’, ते मात्र थांबवा. वाईट वाटणं खरं आहे, पण वाचणारीला त्यातून कळतं ते एवढंच की न येणाऱ्या पुष्कळ आहेत, मी एकटी नाही. ब्रिटनमधल्या काही दवाखान्यांत यावर काम झालंय, ते २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. ‘गेल्या महिन्यात इतके रुग्ण आले नाहीत’ असे फलक उतरवून ‘बहुसंख्य रुग्ण वेळेवर येतात’ अशा अर्थाचे लावले. शिवाय पुढच्या भेटीची वेळ नर्सने लिहून देण्याऐवजी रुग्णाला स्वतःच्या हाताने लिहायला लावली. या हाताने लिहिण्यानेच न येणाऱ्यांचं प्रमाण १८ टक्क्यांनी घटलं. खर्च एका पेनाचा. तुम्ही पहिल्या दिवशी छोटी कार्डं वाटा आणि सोळा तारखा प्रत्येकीला स्वतः लिहायला सांगा. लिहितानाच कुणीतरी म्हणेल, ‘अगोबाई, या तारखेला आमच्या भाच्याचं लग्न आहे.’ छान. दीड महिना आधी कळलं.

बारा जागा आहेत तिथे नावं चौदा घ्या, असंही मी सुचवीन. विमान कंपन्या करतात तसं, पण कुणाला दारातून परत न पाठवता. भिंतीला दोन खुर्च्या लावून ठेवा. गुडघे दुखणाऱ्या दोघी असतातच, त्या खुर्चीवर बसतील. माइंडफुलनेसला मांडी घालायलाच हवी असं कुठे आहे?

एक गोष्ट तुमच्या पत्रात आली नाही, पण ती मला नियमांपेक्षा जास्त टोचते. जी बाई पहिल्या दोन बैठकांना वेळेवर आली, पुढे बसली, आणि तिसऱ्यापासून गायब झाली, ती बेशिस्त असेलच असं नाही. डोळे मिटून स्वतःपाशी बसलं की काहींना शांत वाटतं, काहींचं जुनं दुःख वर येतं, छातीत धडधड होते, झोप उडते. ध्यानाने असं होऊ शकतं, आणि ज्यांना होतं त्यांना वाटतं आपलंच चुकलं. मग त्या तुमच्यासमोर यायचं टाळतात. अशा बाईला आठवणीचा निरोप पाठवू नका. फोन करा, दुपारच्या वेळी, आणि वर्गाचं नाव न काढता विचारा, ‘बसल्यावर त्रास होत होता का?’ हो म्हणाली तर डोळे उघडे ठेवून, पाच मिनिटं, चालता चालता करायला सांगा, किंवा काही दिवस सोडूनच द्या म्हणा. त्रास थांबत नसेल तर डॉक्टर. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि फुकट आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था डिमहान्स आहे. हे दोन्ही पत्ते तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या. ही गैरहजेरी ‘दांडी’ म्हणून मोजली तर फार मोठी गोष्ट नजरेतून सुटेल.

वन्संबद्दल. त्या घरच्या, म्हणून त्यांना फी नाही आणि नियमही नाही, असं चाललं असेल असा माझा तर्क आहे. वर्गातल्या बाकीच्या अकराजणी हे रोज बघताहेत. त्यांच्याशी ग्रुपवर काही बोलू नका आणि यजमानांमार्फत तर अजिबात नको, बहीण-भावात ते प्रकरण वेगळंच वळण घेईल. चहाला बोलवा आणि सरळ विचारा, ‘वन्सं, तुम्हाला मनापासून यायचंय, की माझ्यासाठी नाव देता?’ दुसरं असण्याची शक्यता बरीच आहे. भावजयीचा वर्ग भरलेला दिसावा म्हणून बिचाऱ्या दर वेळी नाव घालत असतील! तसं असेल तर त्यांचे आभार मानून त्यांना मोकळं करा. यायचंच असेल तर दोन हजार रुपये आणि कार्डावर सोळा तारखा.

वर्ग बंद करण्याचा विचार आत्ता करूच नका. आधी एक तुकडी अशी घेऊन बघा. तिच्या तारखा कॅलेंडर समोर ठेवून ठरवा. आषाढात मंगाई यात्रा असते तेव्हा वडगावकर येणार नाहीत, गणपतीच्या दिवसांत कुणीच येणार नाही, आणि चित्ररथांच्या रात्रीनंतरच्या सकाळी शिवजयंतीवाल्या घरातून कुणी साडेसहाला उठेल ही आशा सोडा. हे आठवडे सरळ सुट्टीचे धरून बाकीचे आठ मोजा. आठ आठवड्यांनंतरही बारापैकी नऊच येत असतील तर तुमच्या वर्गाचा आकार नऊ आहे असं समजा, हॉलमालकाशी भाड्याचं बोला आणि फी त्या हिशेबाने बांधा. नवी पद्धत ग्रुपवर जाहीर करताना जुन्या दांड्यांचा उल्लेख एका शब्दानेही नको. ‘पुढच्या सोमवारपासून नवी तुकडी, आठ आठवडे, बारा जागा, नाव आणि पैसे शनिवारपर्यंत’ एवढंच लिहा, आणि वडगावच्या त्या दोघी-तिघींना त्याआधी एक दिवस फोन करून पहिल्या जागा त्यांना द्या.